नववी टेप

टेपकाकू शाळेला पहिल्यांदा दिसल्या त्या गणवेशाची मापं घ्यायला आल्या तेव्हा. मुलं पटांगणात रांगेत उभी होती आणि काकू फाटकातून आत येत होत्या. गळ्यात टेप, आणि टेपेच्या एका टोकाला बांधलेली भलीमोठी कात्री. काकू चालल्या की कात्री पोटावर डुलायची आणि पुढची मुलं एक पाऊल मागं सरकायची.

मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, कात्री पिशवीत ठेवता का? मुलं लहान आहेत."

"पिशवीत ठेवली की सापडत नाही," काकू म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

रांगेत एक गुटगुटीत मुलगा होता. काकूंनी कमरेला टेप लावली तसं त्यानं पोट आत घेतलं. काकू टेप धरून नुसत्या उभ्या राहिल्या. मुलगा लाल झाला.

"सोड," काकू म्हणाल्या.

"काय?"

"श्वास. मला घाई नाही."

त्यानं श्वास सोडला. काकूंनी माप घेतलं आणि त्याच्या डोक्यावर टपली मारून पुढच्याला बोलावलं. गणवेश आले ते इतके अंगासरसे की मुलांची निराशाच झाली. विजार घसरते म्हणून कवायत चुकवायची सोय राहिली नाही.

माणसाचं नाव कशावरून पडेल सांगता येत नाही. काकूंना त्यांच्या टेपेवरून टेपकाकू म्हणत, आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नसे. टेपेवर त्यांचा विश्वासच तसा होता. गिऱ्हाईक म्हणालं, "काकू, मी जरा बारीक झालेय ना?" तर काकू बोलत नसत, टेप लावत. "टेप नाही म्हणतेय," एवढंच सांगत. रात्री काम संपलं की टेप भिंतीवरच्या खिळ्याला जाई आणि टेपेच्या खालच्या टोकाला ती कात्री तशीच लोंबत राही. लग्न होऊन आल्यापासून हा क्रम होता. नवरा गेला, मुलगी सासरी गेली, मशीनचा पट्टा कितीदा तरी बदलला. खिळा, टेप आणि कात्री मात्र जागच्या जागी.

काकूंच्या हातचा कपडा कधी चुकला नाही. अपवाद एकच, त्यांचा भाचा. तो दूरच्या शहरात नोकरीला होता आणि मापं फोनवर कळवायचा. त्याचा शर्ट दर वेळी ढगळ व्हायचा. काकूंनी याचं कारण शोधून काढलं होतं. "पोरगा वाळलाय," त्या म्हणायच्या. "मापं जुनी सांगतो, मला काळजी वाटू नये म्हणून." मग शर्टाबरोबर खाऊचा डबा जाई. भाचा खाऊ खाई, पण शर्ट काही अंगाला बसत नसे.

काकूंच्या घरात दुसरं माणूस म्हणजे सासूबाई. त्यांचे पाय थकले होते, जीभ थकली नव्हती. मशीन ओट्यावर होतं आणि सासूबाईंची खाट दाराच्या आत, अशी टाकलेली की गिऱ्हाइकाशी चाललेलं बोलणं त्यांच्या कानावरून गेल्याशिवाय पुढं जायचं नाही.

आळी सरळ रेषेत वसलेली होती. सगळ्या जागा एकाच वेळी पाडलेल्या, प्रत्येकाला रुंदीला पंचेचाळीस फूट, हे आळीतलं पोरसुद्धा सांगे. काकूंच्या शेजारच्या पंचेचाळीस फुटांत कंडक्टर राहत. बसमधली नोकरी संपून काही वर्षं झाली होती, पण बोलण्यातली बस काही थांबली नव्हती. दारात कुणी उभं राहिलं तर "या" म्हणायच्या ऐवजी "आत सरका, पुढं जागा आहे" म्हणत. बायको गेल्यापासून ते तीन शेळ्यांबरोबर राहत होते. दोन तरुण आणि गरीब स्वभावाच्या. तिसरी म्हणजे बाईसाहेब.

हे नाव कंडक्टरांनीच ठेवलेलं. ती कुणाच्या आधी पाणी प्यायची नाही, म्हणजे दुसऱ्या कुणाला आधी पिऊच द्यायची नाही. शेळ्यांचा गोठा कंडक्टरांच्या घराची भिंत आणि काकूंकडचं काटेरी कुंपण यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत होता. त्या कुंपणाला खालच्या बाजूनं एक भोक पडलं होतं. ते बाईसाहेबांनी पाडलं की आधीपासून होतं, यावर दोन्ही घरांत दोन मतं होती.

आळीत एक जुना रिवाज होता. दुसऱ्याचं जनावर आपल्या हद्दीत शिरलं तर मारायचं नाही, कोंडवाड्यात घालायचं नाही. बांधायचं, पाणी पाजायचं आणि धन्याची वाट बघायची. धन्यानं स्वतः दारात येऊन म्हणायचं, "आमचं जनावर तुमच्या हद्दीत शिरलं होतं. न्यायला आलोय." एवढं झालं की विषय संपला. पुढं टोमणा नाही, मागची उकरणी नाही.

कंडक्टरांना हे वाक्य इतक्यांदा म्हणावं लागे की ते "तिकीट तिकीट" म्हटल्यासारखं एका दमात म्हणून टाकत. मग आतून सासूबाईंचा आवाज येई.

"काय म्हणालास रे बाबा? ऐकू नाही आलं."

"आमचं जनावर, आजी."

"जनावराचं काय?"

"तुमच्या हद्दीत शिरलं होतं."

"मग?"

"न्यायला आलोय."

"मग बस की जरा. उभ्याउभ्या काय नेतोस."

कंडक्टर बसत. सासूबाईंना आळीची बातमी मिळे. काकू मशीनवरून मान वर न करता म्हणत, "भावजी, आज भोपळ्याचा वेल खाल्ला तिनं."

"शेंडेच खाल्लेत, वहिनी. शेंडा खुडला की वेल पसरतो, म्हणतात."

"कोण म्हणतं?"

कंडक्टर बाईसाहेबाकडे बघत. ती रवंथ करत असे.

हे असंच चालत राहिलं असतं. पण एक दिवस काकूंनी एका नवऱ्या मुलाच्या कोटाची बाही इस्त्री करून ओट्याच्या दोरीवर टाकली आणि सासूबाईंना औषध द्यायला आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा बाईसाहेब मशीनशेजारी उभी होती आणि बाहीचा शेवटचा, बटणाचा भाग तिच्या तोंडात होता. तेवढं कापड पुन्हा मिळणार नव्हतं. नवऱ्या मुलानं लग्न दुसऱ्याच्या कोटात लावलं. तो कोट त्याला आखूड झाला, आणि जेवायला बसलेला प्रत्येक जण विचारत होता, हा टेपकाकूंनी शिवला का.

कंडक्टर आले, वाक्य सावकाश आणि नीट म्हणाले. रिवाजाप्रमाणे विषय संपला. पण काकूंच्या आत तो संपला नव्हता.

"आता तारेचं कुंपण," त्या म्हणाल्या.

"घाला, वहिनी. निम्मी तार माझी."

"घालायचं ते हद्दीवर घालायचं. मोजून."

"मोजा की. तुमच्याइतकं कोण मोजतंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी गळ्यातून टेप काढली, कात्री सोडून ठेवली आणि आपल्या जागेच्या दुसऱ्या कडेच्या भिंतीपासून मोजायला लागल्या. टेप पाच फुटांची, म्हणजे पंचेचाळीस फुटांना नऊ टेपा. प्रत्येक टेपेच्या टोकाशी त्या खडूनं रेघ मारत आणि तिथून पुढं टेप लावत. कंडक्टर कुंपणापाशी हात मागं बांधून उभे होते. सासूबाई खाटेवरून मोजणी ऐकत होत्या.

आठवी टेप कुंपणाच्या अलीकडे संपली. नववी कुंपणापर्यंत पोचली आणि थांबली नाही. काकूंनी ती काट्यांतून पलीकडे सारली. तिचं टोक दीड फूट आत, बाईसाहेबाच्या गव्हाणीपाशी जाऊन पडलं. बाईसाहेबानं ते हुंगून बघितलं.

काकूंनी पुन्हा मोजलं. टोक पुन्हा गव्हाणीपाशी.

"आतापर्यंत ती बाही खात होती," काकू म्हणाल्या. "जमीन कधी खाल्ली ते कळलंच नाही."

आतून सासूबाई म्हणाल्या, "कुंपणच शेत खातं, सूनबाई. शेळीला कशाला बोल लावतेस?"

कंडक्टर भांडायला उठतील असं काकूंना वाटलं होतं. त्यासाठी त्यांनी दुसऱ्यांदा मोजता मोजता चार वाक्यं तयार करून ठेवली होती. कंडक्टर टेपेच्या टोकाकडे बघत राहिले.

"हे कुंपण माझ्या आधीपासूनचं आहे, वहिनी. मी हलवलेलं नाही."

"मी कुठं म्हणाले, तुम्ही हलवलंत?"

"पण टेप म्हणते तर असेल." त्यांनी अंगातल्या शर्टाला हात लावला. "आयुष्यभर तुमच्या टेपेची खाकी घातली. गच्च भरलेल्या गाडीत हात वर करून उभा राहिलो. काखेत कधी उसवली नाही. त्या टेपेला आता खोटं म्हणू कसं?"

काकूंची चारही वाक्यं वाया गेली.

दीड फूट म्हणजे किती, असं कुणालाही वाटेल. पण तो गोठा मुळातच बोळासारखा होता. त्यातून दीड फूट गेला असता तर शेळी आत गेली असती, वळून बाहेर आली नसती. घराच्या मागं उतार होता, पुढं रस्ता. गोठा हलवायला जागा नव्हती. म्हणजे काकूंना दीड फूट मिळाला की कंडक्टरांच्या शेळ्या गेल्या. हे कंडक्टरांना लगेच कळलं होतं. काकूंनाही कळलं होतं, पण त्या टेप गुंडाळून कामाला लागल्या.

कंडक्टरांनी गिऱ्हाईक शोधलं. दोन तरुण शेळ्या लगेच गेल्या. बाईसाहेबाला कुणी घेईना. तिची कीर्ती बाजारापर्यंत पोचली होती. घेणारा तिला बघे, नाव विचारी आणि दुसरीकडे वळे. शेळ्या गेल्या त्या सकाळी काकू मशीनवर होत्या. रस्त्यानं ओरडत गेलेल्या शेळ्यांचा आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत त्यांचा पाय पायट्यावर हलत राहिला. मग त्यांनी हातातलं झंपर बघितलं. डावी बाही उजवीकडे लागली होती.

"उसव," सासूबाई आतून म्हणाल्या. त्यांना दिसत नव्हतं, पण मशीनच्या आवाजावरून त्यांना बरंच कळे.

खांब पुरायला सुतार आला. कुंपण घालायचं तर दोरीचं एक टोक एका शेजाऱ्यानं आणि दुसरं दुसऱ्यानं धरायचं, म्हणजे रेघ वाकडी म्हणायला नंतर कुणी मोकळा राहत नाही, अशी पद्धत होती. काकू एका टोकाला उभ्या राहिल्या. कंडक्टर दुसऱ्या टोकाला. गोठ्याचे पत्रे त्यांनी आदल्या दिवशीच उतरवून भिंतीला टेकवून ठेवले होते. बाईसाहेब उघड्यावर बांधलेली होती आणि तिला ते पसंत नव्हतं.

सुतारानं पट्टीची डबी काढली. तिच्यातली पोलादी पट्टी सर्रकन पुढं जायची. त्यानं काकूंच्या त्याच भिंतीपासून ती सोडली आणि कुंपणाच्या काट्यांपाशी येऊन उभा राहिला.

"पंचेचाळीस. हे इथं." त्यानं काट्यांवर बोट ठेवलं.

"इथं नाही," काकू म्हणाल्या. "आत. दीड फूट आत, गव्हाणीपाशी. मी दोनदा मोजलंय."

सुतारानं पुन्हा पट्टी सोडली. "काकू, इथंच येतंय."

"तुझी पट्टी आखडली असेल."

"पोलाद आहे, काकू. कसं आखडेल?"

यावर कंडक्टर बोलले. "बाबा, तू खांब आत पूर. काकूंची टेप चुकायची नाही."

सुतार त्यांच्याकडे बघायला लागला. "काका, तुमची जागा वाचतेय."

"ते मी बघतो. तू माझ्या कॉलरकडे बघ. बोट घालून बघ. कुठं घट्ट आहे? कुठं सैल आहे?"

सुतारानं आतापर्यंत बरीच कुंपणं घातली होती. स्वतःची जमीन दुसऱ्याला द्यायला भांडणारा माणूस त्यानं पहिल्यांदाच पाहिला. त्यानं दोरी खाली ठेवली.

"काकू, तुमची टेप आणा बघू. दोन्ही ओट्यावर शेजारी लावू."

काकूंनी टेप आणली. सुतारानं पट्टी ओट्यावर पसरली, काकूंनी तिच्याशेजारी आपली टेप. शून्याला शून्य लावलं. टेप हातानं सरळ केली, ताणली नाही. दहाच्या आकड्याशी सुतारानं खाली वाकून बघितलं. तिसाशी वाकायची गरज पडली नाही. टेपेवरचा साठ जिथं होता तिथं पट्टीवर बासष्ट होते. दर पाच फुटांना दोन इंच, आणि नऊ टेपा.

सुतारानं पट्टी हळूच, आवाज न करता डबीत जाऊ दिली. तो चांगला माणूस होता. कंडक्टर "बाईसाहेबाचा दोर बघून येतो" म्हणून पलीकडे निघून गेले. दोराला काही झालेलं नव्हतं.

काकू ओट्यावर बसून राहिल्या. त्यांची नजर टेपेवरून भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे गेली, खिळ्यावरून मशीनवर ठेवलेल्या कात्रीकडे. कात्री जड होती. ती जड आहे म्हणूनच त्यांना आवडायची.

"काय झालं गं?" आतून सासूबाई.

"टेप लांबलीय, आई. तुमच्या मुलानं आणून दिली होती तेव्हा बरोबर असणार. कात्रीनं ओढली. रोज रात्री."

"मग इतक्या लोकांचे कपडे बसले कसे?"

काकूंना हाच घास गिळवत नव्हता. शाळेतली मुलं, कंडक्टरांची खाकी, आळीतलं प्रत्येक अंग त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. सगळं चुकलं असेल तर कळलं कसं नाही? मशीनवर एक अर्धवट झंपर पडलं होतं. त्यांनी ते उचललं आणि टेप लावली. मग ते खाली ठेवलं.

"माप याच टेपेनं घेतलं," त्या सावकाश म्हणाल्या. "कापलंही याच टेपेनं. माप जेवढं कमी भरलं तेवढंच कापड जास्त गेलं. फिटंफाट."

"म्हणजे कपडे बरोबर?"

"कपडे बरोबर. जमीन चूक."

मग सासूबाई म्हणाल्या, "आणि भाचा?"

काकूंनी डोळे मिटले. "वाळला नव्हता तो."

त्या टेपेनं मोजलं असतं तर आळीतलं प्रत्येक घर शेजारच्या घरात दीड फूट शिरलेलं निघालं असतं आणि शेवटचं घर रस्त्यात. पण मोजायला दुसरं कुणी गेलं नव्हतं, म्हणून आळी वाचली.

काकू उठल्या. सुताराला म्हणाल्या, "खांब काट्यांच्या रेघेवर पूर. आणि आधी गोठ्यावर ते पत्रे चढव." मग पदर सारखा केला, टेप गुंडाळून मुठीत घेतली आणि रस्त्यानं फिरून कंडक्टरांच्या दारात गेल्या. कुंपणाचं भोक दहा पावलांवर होतं, पण अशा कामाला पुढच्या दारानंच जायचं असतं.

कंडक्टर दारात आले. "या वहिनी, आत सर..." म्हणता म्हणता थांबले.

काकू उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या. आजवर हे वाक्य त्यांनी नुसतं ऐकलं होतं. म्हणायला ते बरंच लांब वाटलं.

"आमची टेप तुमच्या हद्दीत शिरली होती," त्या म्हणाल्या. "न्यायला आलेय."

कंडक्टर त्यांच्या मुठीकडे बघत राहिले. मग आत गेले आणि तांब्या-भांडं घेऊन आले. पाणी पाजल्याशिवाय सोडायचं नाही, असा रिवाज होता. काकू उभ्यानंच सगळं पाणी प्यायल्या.

"आणि त्या दोन शेळ्या," भांडं परत देताना त्या म्हणाल्या.

"विषय संपला की पुढं बोलायचं नसतं, वहिनी."

"ते टेपेबद्दल झालं. मी शेळ्यांचं बोलतेय."

"गेल्या त्या. चांगल्या घरी गेल्यात. आता उतरलेल्या पाशिंजराला गाडी मागं नेऊन बसवता येत नाही."

पण काकू कुणाचं देणं अंगावर ठेवणाऱ्यांतल्या नव्हत्या. पुढच्या बाजाराला त्या एकट्या गेल्या, संध्याकाळपर्यंत जनावरं न्याहाळली आणि एक पांढरंशुभ्र, डौलदार जनावर दोरीनं ओढत आणून कंडक्टरांच्या गोठ्यात बांधलं. कंडक्टरांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली. तो बोकड होता. दूध देण्याचा प्रश्न नव्हता, आणि शिंग मारण्याचा उत्साह दांडगा होता. काकूंना कपड्यातलं कळे, शेळ्यांतलं कळत नसे.

"कसा आहे?" काकूंनी विचारलं.

"रंगाला चांगला आहे," कंडक्टर म्हणाले. त्यांनी त्याचं नाव भरपाई ठेवलं. पहिल्याच आठवड्यात त्यानं सुतारानं पुरलेला एक खांब उपटला. कंडक्टरांनी तो गुपचूप पुन्हा पुरला आणि बोकड कधी विकला नाही.

भाच्याला काकूंनी फोन करून खरं काय ते सांगितलं. त्यानं नवी टेप पाठवली आणि खाऊचा डबा बंद करू नका असं कळवलं. नवी टेप कपाटात आहे. फोनवरची मापं आली की काकू ती काढतात. बाकी सगळी आळी अजून जुन्या टेपेवर चालते, आणि कुणाचा कपडा बिघडल्याचं ऐकिवात नाही.

तारेचं कुंपण सरळ रेघेत उभं आहे. त्याला भोक नाही. बाईसाहेब आता म्हातारी झालीय. दुपार झाली की ती कंडक्टरांच्या फाटकातून निघते, रस्त्यानं फिरून काकूंच्या फाटकातून येते आणि ओट्यावर मशीनच्या सावलीत बसते. काकू कपडे वरच्या दोरीवर टाकतात, तिच्यापुढं पाणी ठेवतात आणि कंडक्टर वाक्य म्हणायला येईपर्यंत शिवत राहतात. सासूबाई ते वाक्य अजून पूर्ण म्हणायला लावतात. संध्याकाळी मशीन झाकलं की टेप तिच्या जुन्या खिळ्याला जाते. कात्रीला शेजारी दुसरा खिळा ठोकला आहे.